एकशे चौदावा ट्रे

आयतबाय आगा प्रयोगशाळेतून निवृत्त झाले त्या दिवशी त्यांना भिंतीवरचे घड्याळ भेट मिळाले. ते त्यांनी घरी नेऊन खोक्यातच ठेवले आणि दुसऱ्या दिवशी परत येऊन माझ्याकडे फोटो धुण्याचे चार जुने ट्रे मागितले. पांढऱ्या एनॅमलचे, कडांचे टवके उडालेले. बारा वर्षांपूर्वी ते मोडीत काढल्याची नोंद होती, तरी भांडारात पडून होते. मी भांडाराचा माणूस. जी वस्तू यादीत नाही ती माझ्या दृष्टीने नसतेच, त्यामुळे देण्यात काही अडचण नव्हती.

ताश्कंदपासून दूर पश्चिमेला, नुकूसमधली आमची प्रयोगशाळा माती आणि पाण्यातला खार मोजते. आयतबायना आम्ही सगळे आगा, म्हणजे थोरला भाऊ, म्हणत असू; आगांनी तिथे छत्तीस वर्षे तेच केले. शेतांतून आलेले पाणी बशीत आटवायचे, तळाशी उरलेले मीठ तोलायचे, आकडा लिहायचा, बशी धुवायची. धुण्यापूर्वी ते बशीकडे जरा जास्त वेळ बघत असत, हे आम्हा सगळ्यांच्या लक्षात आले होते. आटलेल्या खारात फांद्या दिसतात, भेगा दिसतात, कधी नुसत्याच कडा दिसतात. ते इतर तंत्रज्ञांनाही दिसत असे, पण ते बशी धुऊन चहाला जात. आगा चहाला उशिरा येत.

घरी मागच्या अंगाला एक खोली होती. पूर्वी तिथे शेळ्या बांधत. आगांनी ती चुन्याने रंगवली, उत्तरेकडची एकच खिडकी ठेवली आणि तिथे काम सुरू केले. ट्रेच्या तळाशी जाड कागद. त्यावर खारे पाणी, एका लिटरला किती मीठ ते मोजून. मग काचेच्या नळीने शाईचे थेंब. ही शाई ते स्वतः करत. डाळिंबाच्या सालीचा काढा आणि लोहाचे हिरवे मीठ एकत्र आले की काळी होते, तीच. इथपर्यंत माणसाचे काम. पुढचे अडीच दिवस पाण्याचे. पाणी आटत जाते, मीठ धरत जाते, शाईला बाजूला ढकलते. शेवटी कागदावर जे उरते ते चित्र. त्यात माणूस, घोडा, घर असे काही नसते. ज्याला जे दिसेल ते दिसते.

प्रत्येक ट्रेला क्रमांक होता आणि प्रत्येक क्रमांकाला वहीत एक पान. तापमान, हवेतला ओलावा, पाणी कुठल्या चरातले, खिडकी उघडी की बंद, सगळे लिहिलेले. मी वाणिज्य शिकलेला माणूस, चित्रातले मला कळत नाही. पण ती वही पाहिली तेव्हा पहिल्यांदा मला वाटले की हे काम गंभीर आहे.

गल्लीला तसे वाटत नव्हते. आगा भाकरी आणायला निघाले की कोणी ना कोणी विचारायचे, आगा, आज पाणी कुठवर शिजलं? आगा उत्तर द्यायचे, अजून दीड दिवस आहे. चेष्टा त्यांच्या ध्यानात येत होती की नाही हे मला आजही सांगता येणार नाही.

त्यांच्या पत्नीचे नाव उलबोसिन. आमच्या करकल्पक भाषेत त्याचा अर्थ मुलगा होऊ दे. तीन मुली झाल्यावर तिसरीचे नाव असे ठेवले की चौथा मुलगा होतो, असा समज. चौथीही मुलगीच झाली. माझ्या त्या जेंगे, म्हणजे थोरली वहिनी. मी त्यांचा कायनी, धाकटा दीर. नात्याने नव्हे, शेजाराने. आमच्यात जेंगेला दिराची फिरकी घ्यायचा हक्क असतो आणि त्या तो हक्क वाया जाऊ देत नाहीत. आगांच्या कामाबद्दल मी एकदा त्यांचे मत विचारले होते. त्या म्हणाल्या, “माझ्या बापाचा प्रयोग फसला तो मी. आता नवऱ्याचे बघते.”

मे महिन्यात ताश्कंदहून मुखलिसा नावाच्या बाई आल्या. चाळिशीच्या, बारीक केस कापलेल्या, बोलायला मोकळ्या. विज्ञानाचे काम करणारी जी माणसे चित्रे काढतात त्यांचे एक प्रदर्शन ऑक्टोबरात भरायचे होते आणि त्या गावोगाव हिंडून अशी माणसे शोधत होत्या. आगांचे नाव त्यांना प्रयोगशाळेतूनच कळले. मी त्यांना घेऊन गेलो. त्यांनी एकशे तेराही कागद एकेक करून पाहिले, मग जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानावर बसून जेंगेंच्या हातचे गुरतिक खाल्ले. रश्श्यात उकडलेल्या पिठाच्या चौकोनी चकत्या आणि वर मांस. पाहुण्याला आम्ही तेच करतो. बाईंनी चित्रांचे कौतुक केले, वहीचे केले, जेवणाचे केले, जेंगेंच्या हातांचे केले, चुन्याच्या भिंतीचेसुद्धा केले. त्या निघाल्या तेव्हा मी बूट घालत होतो. जेंगे नेहमीप्रमाणे लहान लोखंडी तव्यात हरमल, म्हणजे दृष्ट उतरवायचा वाळका रानपाला, जाळून घरभर फिरत होत्या. तो तवा माझ्याही डोक्यावरून फिरला.

त्या दिवशी खोलीत एकच ट्रे भरलेला होता. क्रमांक एकशे चौदा. तिसऱ्या दिवशी आगा स्वतः मला बोलवायला आले, जे ते कधी करत नसत. कागदावर मधला भाग कोरा होता आणि त्याच्या चहूबाजूंनी तपकिरी, सोनेरी फांद्या आत यायला निघून थांबल्या होत्या. थांबण्याची जागा प्रत्येकीची वेगळी. मी बराच वेळ उभा राहिलो. मग गल्लीतले दोघेतिघे आले, तेही उभे राहिले. पाणी कुठवर शिजलं असे कोणी विचारले नाही.

आगांनी चित्राचा फोटो बाईंना पाठवला. बाईंचे पत्र आले. हे चित्र हवे, आणि याच पद्धतीने केलेली आणखी दोन. तीन असतील तरच भिंत देता येईल, एकावर निवड समिती राजी होणार नाही. सोबत पद्धत लिहून द्यावी. वीस सप्टेंबरला गाडी येईल.

आगांनी वहीवरून पद्धत उतरवून काढली, आकडे तपासले आणि शेवटी कोणी न विचारता एक वाक्य लिहिले, ‘या पद्धतीने असे चित्र पुन्हा काढता येते.’ खाली सही केली, तारीख टाकली. मी म्हटले, हे वाक्य कशाला? ते म्हणाले, हे वाक्य नसेल तर ते सगळं नशिबाचं झालं. नशिबासाठी वही कशाला लागते?

म्हणजे गोष्ट भिंतीची राहिली नाही, त्या वाक्याची झाली. ते खरे ठरले तर आगा चित्रकार. खोटे ठरले तर ज्याच्या हातून एकदा पाणी बरे सांडले असा एक निवृत्त माणूस. हे गल्लीने म्हटलेले नाही. आगांनीच मला सांगितले, पुढे जुलैमध्ये.

जुलैपर्यंत एकशे पंधरापासून एकशे सत्तावीसपर्यंत तेरा ट्रे झाले होते. सगळे करडे. फांद्या नाहीत, सोने नाही, मधला कोरा भाग नाही. चराचे पाणी तेच, मीठ तेवढेच, थेंब तितकेच. आगांनी माझ्याकडे कागदाची चौकशी केली. मी भांडारातला कागदाचा गठ्ठा काढून शिक्का पाहिला. पहिल्यापासून एकाच खेपेचा कागद. मग धुळीचा संशय आला, कारण मे महिन्यात उत्तरेकडून दोनदा खारी धूळ उडाली होती. धुळीच्या दिवशी खिडकी उघडी ठेवून पाहिली. नुसतीच धूळ बसली.

मी सुचवले की त्या दिवशी खोलीत काय काय घडले ते क्रमाने लिहून काढू. मी सतरा प्रश्न तयार केले. कोण आले, कुठे उभे राहिले, दार किती वेळ उघडे होते, कोणी सिगारेट ओढली का, ट्रेवर कोणी वाकले का. आगांनी सतराही उत्तरे दिली, जेंगेंनाही विचारले. हरमलाचा प्रश्न त्या यादीत नव्हता. तवा माझ्या डोक्यावरून गेला होता तरी नव्हता. आमच्याकडे हरमलाची धुरी ही घडलेली गोष्ट नव्हेच. नळाला पाणी आले, कोंबडी ओरडली, धुरी फिरली. हे कोणी कोणाला सांगत नाही.

मग आगांनी शास्त्रज्ञाने करावे तेच केले. बाहेरचे सगळे बंद केले. खिडकीच्या फटींत ओल्या चिंध्या कोंबल्या, दाराला आतून पडदा लावला आणि जेंगेंना खोलीत यायची मनाई केली. झाडायलाही नाही. जेंगेंनी ऐकून घेतले. त्या एवढेच म्हणाल्या की शेळ्या होत्या तेव्हा आत जायला मला कोणी अडवलं नव्हतं.

त्यानंतरचे आठ ट्रे आधीच्या तेरांपेक्षाही करडे निघाले.

ऑगस्टच्या मध्याला आगा दिसेनासे झाले. गल्लीत दिसले तर ओळखू येईनासे झाले. गळ्याजवळ शर्ट दोन बोटे सैल. एका लग्नात कोणा म्हातारीने जेंगेंना विचारले, तुझ्या माणसाला काय झालंय? जेंगेंनी निदान केले. दृष्ट. ताश्कंदची बाई पत्रातूनसुद्धा वाखाणते आहे, एकदा उतरवून भागलेले नाही. त्या शुक्रवारी दुपारी मी भांडारातला ओलावामापक द्यायला गेलो होतो. जेंगे तवा घेऊन बंद दारापुढे उभ्या होत्या.

“अहो, बाहेर या, नाहीतर मी आत येते.”

“यायचं नाही,” आतून आगा म्हणाले. “ट्रे अर्धा आटलाय.”

“ट्रे आटलाय ते दिसतं तुम्हाला. तुम्ही आटलाय ते?”

आणि त्या आत गेल्या. पडदा बाजूला केला, आगांच्या डोक्यावरून तीनदा तवा फिरवला, मग रीतीप्रमाणे खोलीच्या चारी कोपऱ्यांत नेला. आगा रागावून बोलत होते. बोलता बोलता थांबले. तिसऱ्या कोपऱ्याशी ट्रेचे टेबल होते आणि धूर पाण्यावर उतरला होता. आगांनी भिंग मागितले. दुधावर धरते त्याहून कितीतरी पातळ अशी साय पाण्यावर आली होती आणि तिच्याखालून शाई कडेला सरकत होती. मी डोळ्याने पाहिले.

“त्या दिवशी केली होतीस?” आगांनी न वळता विचारले.

“कुठल्या दिवशी?”

“ती बाई आली होती त्या दिवशी.”

“मग? एवढी वाखाणून गेली. न करून कसं चालेल?”

“सांगितलं का नाहीस?”

“काय सांगायचं? झाडूही मारला होता, तेही सांगितलं नाही.”

तो ट्रे अर्धा आटलेला असल्यामुळे त्याच्या एका कोपऱ्यातच फांद्या आल्या, तळहाताएवढ्या. पण कारण सापडले होते. आगा त्या संध्याकाळी पोटभर जेवले. आता राहिले फक्त प्रमाण.

प्रमाणानेच घोळ घातला. आगांनी हरमलाच्या बिया तोलल्या, दोन ग्रॅम, चार, आठ, आणि प्रयोगशाळेच्या तापपट्टीवर मोजून तापवल्या. चार ट्रे गेले. एकावर पिवळे डाग, दोनांवर काजळी, एकावर काहीच नाही. जेंगेंचा धूर वेगळा होता. त्या मूठ भरायच्या, फुंकर घालायच्या, तोंडाने पुटपुटत चालायच्या, मध्येच थांबायच्या, मनाला येईल तेव्हा पुरे करायच्या. तेव्हा आगांनी त्यांना विनंती केली की तूच कर, मी फक्त आधी आणि नंतर तवा तोलतो.

जेंगे नाही म्हणाल्या. हरमल उपटताना त्याला सलाम करून, कशासाठी नेतो ते सांगून आणायचे असते. विनाकारण जाळला तर कारणाला उपयोगी पडत नाही. कोणी वाखाणले, कोणाला नजर लागली, तरच. आगांनी हट्ट धरला नाही. जबरदस्तीने करवून घेतलेली गोष्ट प्रयोगात धरता येत नाही, एवढे ते मला म्हणाले. मग म्हणाले, तू येऊन थोडं वाखाणशील का?

मी गेलो. ट्रे भरून ठेवला होता. दस्तरखानावर बसून मी आगांची चित्रे, चिकाटी, शाई, शेवटी त्यांची टोपी, सगळ्याची स्तुती केली. जेंगे चहा ओतत ऐकत होत्या.

“कायनी,” त्या म्हणाल्या, “दोन वर्षं झाली, या कागदांतलं मला काही कळत नाही म्हणतोस. आज टोपीपर्यंत पोचलास. खोट्या कौतुकाची दृष्ट लागत नाही. चहा पी आणि जा.”

आगा ट्रेकडे बघत राहिले. तो एकशे एक्केचाळिसावा. तोही करडा निघाला.

त्यानंतर त्यांनी ट्रे धुऊन भिंतीशी उपडे ठेवले. सप्टेंबरचे वीस दिवस वहीत काहीच नाही. फक्त पद्धतीचा कागद काढून त्यांनी शेवटच्या वाक्यावर एक रेघ मारली. प्रयोगशाळेचा नियम आहे, चूक खरवडायची नाही, बुजवायची नाही. एकच रेघ, खालचे वाचता यावे अशी, शेजारी सही आणि तारीख. आमच्या वह्यांनाही हाच नियम आहे. खाली त्यांनी नवीन ओळी लिहिल्या. त्या मी तेव्हा वाचल्या नाहीत.

वीस तारखेला गाडी घेऊन मुखलिसाबाई आल्या. आगांनी त्यांना बसूही दिले नाही. उभ्या उभ्याच सांगितले की मी लिहून दिलेलं चुकीचं होतं. पद्धतीत एक गोष्ट अशी आहे जी माझ्या हातात नाही. दोन चित्रं झाली नाहीत. एकशे चौदाही नेऊ नका, ते चुकीच्या वाक्यावर निवडलं गेलंय.

बाईंनी विचारले, मग चार महिने काय केलं? आगांनी सत्तावीस कागद काढून दिले. बाई ते जमिनीवर मांडत गेल्या. मांडता मांडता एकशे सत्ताविसावर आल्या आणि तिथेच बसल्या. तो पूर्ण करडा कागद होता. जवळून पाहिले तर करड्यातच आणखी करडे, जसे खारावलेल्या जमिनीवर पहाटे दव पडते तेव्हा दिसते तसे. आम्ही सगळे उभे होतो. त्या बोलल्या त्या आमच्याशी नव्हे, कागदाशी बोलल्यासारख्या.

“एकशे चौदा बघून माणूस वा म्हणतो आणि पुढे जातो. इथून मला उठता येत नाहीये.”

जेंगे भाकरी घेऊन दारात आल्या होत्या. त्यांनी भाकरी ठेवली आणि त्या परत गेल्या. स्वयंपाकघरात तवा वाजला.

आगांनी माझ्याकडे पाहिले. ट्रे उपडे होते. त्यांनी एक सुलटा केला, कागद घातला, सुरईतले खारे पाणी ओतले. छत्तीस वर्षे ज्या माणसाने थेंब सांडला नव्हता त्याने अर्धे पाणी टेबलावर सांडले. काचेची नळी सापडेना, शाई चमच्याने घातली. जेंगे धुरकटणारा तवा घेऊन उंबऱ्यावर थांबल्या होत्या.

“लवकर करा,” त्या म्हणाल्या. “विझेल.”

आगांनी हात बाजूला घेतले तेव्हा त्या आत आल्या. आधी बाईंच्या डोक्यावरून, मग आगांच्या, मग कोपरे. बाई हसल्या नाहीत, मान खाली घालून बसून राहिल्या. त्यांच्या आजीकडेही तसेच करत असणार.

गाडीला तीन वाजता निघायचे होते आणि ट्रे आटायला अडीच दिवस. बाईंनी एकशे चौदा घेतले, एकशे सत्तावीस घेतले आणि रेघ मारलेला कागद मागून घेतला. समितीला काय सांगायचं ते मी बघते म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी मी एकशे बेचाळीस पाहिला. फांद्या आल्या होत्या. पण मधला भाग कोरा नव्हता; तिथून एक काळी फट आरपार गेली होती, जिथे चमच्यातली शाई एकदम पडली होती. मी विचारले, हे तेच का? आगा म्हणाले, पद्धत तीच. चित्र ते नाही. मग त्यांनी ट्रे धुवायला घेतला. ते दुःखी होते असे मला वाटले नाही.

ऑक्टोबरात दोघे आगगाडीने ताश्कंदला जाऊन आले. दोन्ही चित्रे एकाच भिंतीवर लावली होती आणि त्यांच्या मध्ये काचेखाली तो कागद. मला जेंगेंनी त्याचा फोटो दाखवला. रेघेखालचे वाक्य अजून स्पष्ट वाचता येत होते. त्याखाली आगांच्या बारीक अक्षरात नवीन ओळी होत्या:

‘धूर: उलबोसिन. प्रमाण: माहीत नाही. केव्हा: कोणी मनापासून कौतुक केले तर.’

“माझं नाव बारीक लिहिलंय,” जेंगे म्हणाल्या.

मी विचारले, लोक काय म्हणाले? त्या म्हणाल्या, “दिवसभर वाखाणत होते, कायनी. नुसती रांग. एवढा हरमल मी नेलाच नव्हता.”

त्या कौतुकाची दृष्ट उतरवायची राहिली होती, म्हणून गावी परतल्याच्या दिवशी त्यांनी सामान ओसरीवरच ठेवले, तवा चुलीवर चढवला आणि आगांना आवाज दिला की आधी ट्रे भरून घ्या, चारही.